कमावलेले शरीर, सोबतीला मधुमेह

पैठणगेटकडून गुलमंडीकडे जाणारा रस्ता टिळकपथ म्हणून ओळखला जातो. दुकानांच्या पाट्यांवर, पावत्यांवर आणि लग्नपत्रिकांच्या पत्त्यांत हे नाव छत्रपती संभाजीनगरकरांच्या रोजच्या नजरेखालून जाते. गणेशोत्सवात तर त्या नावाची आठवण ढोल-ताशांच्या गजरात होते. मात्र ज्यांच्या नावाचा हा रस्ता आहे, त्या लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांच्या चरित्रातील एक बाजू अनेकदा झाकलेली राहते. असंतोषाचे जनक, ‘केसरी’चे संपादक, ‘गीतारहस्य’कार ही त्यांची ओळख शाळकरी मुलांनाही असते, पण आयुष्याच्या उत्तरार्धात ते मधुमेही होते आणि या आजाराला सोबत घेऊनच त्यांनी मंडालेची सहा वर्षे, देशभरातील दौरे आणि विलायतेचा प्रवास केला, हे फारसे सांगितले जात नाही.

पहाटे गोगाबाबा टेकडीवर, विद्यापीठाच्या परिसरात किंवा हिमायतबागेत फिरायला येणाऱ्यांमध्ये अनेक जण असे असतात, की ज्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते. कुणाला मधुमेह, कुणाला संधिवात, कुणाला थायरॉइडचा विकार. बरा होणार नाही, पण आटोक्यात ठेवता येईल, असे ज्याचे वर्णन केले जाते तो आजार उशाशी घेऊन जगणाऱ्यांसाठी टिळकांच्या आयुष्यातील हा धागा केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा राहत नाही.

एका वर्षाची गुंतवणूक

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या दोन्हींत त्यांची गती होती. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्याला झाली आणि कुटुंब पुण्यात आले. त्यानंतर लवकरच आई गेली, १८७२ मध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी टिळक मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. बुद्धी तल्लख, स्वभाव करारी. प्रकृती मात्र अगदीच किरकोळ. सडपातळ अंगकाठीचा हा मुलगा पुढे ब्रिटिश साम्राज्याशी चार दशके झुंज देईल, असे त्याच्याकडे पाहून कुणाला वाटले नसते.

१८७३ मध्ये ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी एक विलक्षण निर्णय घेतला. हे वर्ष अभ्यासासाठी नव्हे, तर शरीरासाठी द्यायचे. मग सकाळ-संध्याकाळ तालीम, कुस्ती, मुळा-मुठेच्या पात्रात पोहणे, नाव वल्हवणे आणि त्याला साजेसा भरपूर दूध-दुभत्याचा आहार असा दिनक्रम सुरू झाला. वर्गात ते क्वचितच दिसत. परिणाम अपेक्षित होता, तोच झाला. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ते नापास झाले. हुशार विद्यार्थ्याचे एक वर्ष वाया गेले म्हणून हळहळणारे अनेक होते. टिळकांना मात्र त्याची खंत कधीच वाटली नाही. वर्षअखेर त्यांचे शरीर भरून आले होते, छाती रुंदावली होती आणि दीर्घ श्रम सोसण्याची ताकद त्यांच्यात आली होती. पुढे १८७६ मध्ये ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची पदवीही मिळवली. बुडालेले वर्ष अभ्यासाने भरून काढता आले. शरीराच्या बाबतीत उशीर झाला असता, तर ते तसे भरून निघाले असतेच असे नाही.

या काळातील एक आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. वसतिगृहात काही विद्यार्थी सतत आपल्या प्रकृतीची चिंता वाहत आणि खोलीत औषधांच्या बाटल्यांची रांग मांडून बसत. टिळक त्यांच्या खोल्यांत शिरत, बाटल्या भिरकावून देत आणि त्यांना आपल्याबरोबर तालमीत येण्याचा आग्रह करीत. असल्या दांडगाईमुळे मित्रमंडळींत ते एखाद्या सैतानासारखे प्रसिद्ध झाले होते. व्यायाम केला की दुखणे पळते, ही विशीतल्या धडधाकट तरुणाची खात्री होती. सर्वच दुखणी अशी पळून जात नाहीत, हे शिकण्याची पाळी पुढे त्यांच्यावरच यायची होती.

श्रमाची वर्षे

१८८० च्या २ जानेवारीला विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढल्या वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. या सर्व धडपडीत त्यांचे सर्वांत जवळचे सहकारी होते गोपाळ गणेश आगरकर. दोघांचाही जन्म १८५६ च्या जुलै महिन्यातला. दोघेही डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये दोघांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस बरोबर काढले. तुरुंगातील अन्नाने दोघांचीही वजने घटली.

आगरकरांना दम्याचा विकार होता. त्या व्याधीने त्यांना आयुष्यभर छळले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्यांची लेखणी थांबली नव्हती. मतभेदांमुळे दुरावलेल्या या मित्राच्या मृत्यूने टिळकांना मोठा धक्का बसला. एकाच महिन्यात जन्मलेल्या या दोन माणसांची आयुष्ये शेजारी ठेवली, तर एक गोष्ट लक्षात येते. निर्धार दोघांचाही सारखाच होता. प्रकृतीचा वाटा सारखा नव्हता. आजारी माणूस खंगला म्हणजे तो मनाने कमी पडला, असा निष्कर्ष काढणे आगरकरांवर अन्याय करणारे ठरेल. शरीर कमावणे काही प्रमाणात माणसाच्या हाती असते. कोणता रोग केव्हा वाट्याला यावा, हे त्याच्या हाती नसते.

१८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडल्यावर टिळकांना उपजीविकेचा मार्ग शोधावा लागला. कायद्याचे वर्ग त्यांनी चालवले. त्याचबरोबर १८९१ मध्ये दोन भागीदारांसह लातूर येथे कापसाची जिनिंग फॅक्टरी काढली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मराठवाड्याशी जडलेला टिळकांचा हा व्यावहारिक संबंध फारसा ज्ञात नाही. पुढे सार्वजनिक गणेशोत्सव आणि शिवजयंतीचा उत्सव यांना त्यांनी चालना दिली, तेव्हा मेळ्यांच्या जोडीने तालमी आणि आखाडेही पुन्हा गजबजू लागले. राष्ट्र उभे करायचे तर माणसे अंगापिंडाने उभी राहिली पाहिजेत, हा विचार त्यामागे होता. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातील अनेक पुढारी शहर सोडून गेले. टिळक मात्र गावातच राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात पुढे झाले आणि रुग्णांच्या विचारपुशीसाठी स्वतः फिरले.

तुरुंग आणि सिंहगड

त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन १४ सप्टेंबरला त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. काथ्या सोलण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. तुरुंगात मिळणारे कांदा-लसूण घातलेले कालवण त्यांच्या घशाखाली उतरत नसे. कोरड्या भाकरीच्या तुकड्यांवर ते दिवस काढीत. वजन झपाट्याने उतरले आणि प्रकृतीबद्दल बाहेर काळजी वाढली. माक्स म्युलर यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांच्या सुटकेसाठी विनंती केली. ६ सप्टेंबर १८९८ रोजी त्यांची मुदतीआधी सुटका झाली.

तुरुंगातून बाहेर पडलेला माणूस अगदी वाळून गेलेला होता. तब्येत सुधारण्यासाठी ते सिंहगडावर गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवरच्या या गडाची मोकळी हवा आणि तेथील शांतता त्यांना नेहमीच मानवत असे. तेथील त्यांचा बंगला आजही पाहायला मिळतो. त्या काळी वर मोटार जात नव्हती. गड गाठायचा म्हणजे चढ चढणे आलेच. वेदांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात शोधणारा, १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी ग्रंथही याच गडावरच्या मुक्कामांशी जोडलेला आहे. शरीर थकले की गडावर जायचे, आणि शरीराला विसावा मिळाला की डोक्याला काम द्यायचे, अशी त्यांची रीत होती. विश्रांती म्हणजे स्वस्थ पडून राहणे, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती.

न बरा होणारा सोबती

पन्नाशीच्या सुमारास मधुमेहाने टिळकांना गाठले. त्या काळी या निदानाचा अर्थ आजच्यापेक्षा कितीतरी गंभीर होता. लघवीतील साखर तपासता येत असे. पण साखर कमी करणारे खात्रीचे औषध जगात कुठेही नव्हते. स्वादुपिंडातील विशिष्ट पेशींची बेटे जर्मन संशोधक पॉल लांगरहान्स यांनी १८६९ मध्येच पाहिली होती. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे दाखवून दिले होते. मात्र त्या बेटांतून स्रवणारे द्रव्य वेगळे काढणे कुणालाही साधले नव्हते.

मग उपाय काय? पथ्य आणि हालचाल. ही दोन्ही सूत्रे नवी नव्हती. सुश्रुतसंहितेने प्रमेहाच्या निर्धन रोग्याला शंभर योजने पायी चालण्याचा किंवा विहीर खणण्याचा उपाय सांगून ठेवला आहे. आजच्या वाचकाला तो शिक्षेसारखा वाटेल. पण त्यामागचे निरीक्षण अचूक होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बुशार्दा या वैद्याने १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असताना अन्नटंचाईच्या काळात मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे पाहिले, आणि आपल्या रुग्णांना मोजके खाण्याचा व अंगमेहनतीचा सल्ला दिला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी तर रुग्णाला जवळजवळ उपाशी ठेवणारी आहारपद्धती रूढ केली. त्यामुळे रोगी काही काळ जगत. पण ते जगणे हाडांच्या सापळ्याचे असे.

स्नायू काम करू लागले, की ते रक्तातील साखर इंधन म्हणून ओढून घेतात आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची गरज कमी भासते, हे शरीरशास्त्र पुढे उलगडले. टिळकांच्या काळात हे कारण ठाऊक नव्हते. मात्र जन्मभराची पोहण्याची, चालण्याची आणि श्रमाची सवय त्यांच्या गाठीशी होती. डेक्कन कॉलेजातले ते नापास वर्ष असे तीस-पस्तीस वर्षांनी उपयोगी पडणार होते.

मंडालेची सहा वर्षे

२४ जून १९०८ रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांना अटक झाली. १३ जुलैला खटला उभा राहिला आणि २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. ५२ वर्षे पूर्ण करून ५३ वे लागत होते. त्या रात्रीच त्यांना खास गाडीने अहमदाबादेजवळच्या साबरमती तुरुंगात नेण्यात आले. पुढे शिक्षेचे स्वरूप साध्या कैदेचे झाले आणि सप्टेंबरमध्ये त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात झाली.

या वयात, या आजारासह, सहा वर्षे. तो माणूस परत येईल, याची खात्री कुणी द्यावी? मंडालेचा उन्हाळा भाजून काढणारा, हिवाळा बोचरा, आणि लाकडी फळ्यांच्या खोलीत धूळ, वारा व पाऊस या सर्वांना मुक्तद्वार. वैद्यकीय मदत तुरुंगात असते तेवढीच. बाहेर सहकारी विखुरलेले, चळवळ दडपलेली, घरी आजारी पत्नी.

टिळकांनी तेथे पहिली गोष्ट केली ती म्हणजे दिवसाला शिस्त लावली. स्वयंपाकासाठी त्यांच्याबरोबर एक मराठी कैदी देण्यात आला होता. मधुमेहामुळे भात वर्ज्य झाला. जवाच्या म्हणजे सातूच्या पिठाचे पदार्थ, दूध, दही, तूप असा बेताचा आहार त्यांनी ठरवून घेतला आणि तो पाळला. पहाटे उठणे, स्नान-ध्यान, वाचन, जेवण, पुन्हा वाचन-लेखन, आणि भिंतींनी वेढलेल्या आवारात फेऱ्या. नदी नव्हती, तालीम नव्हती, सिंहगडाचा चढ नव्हता. उरले होते चालण्यापुरते अंगण. तेवढ्याचा उपयोग त्यांनी करून घेतला.

विशीतल्या तरुणाचा व्यायाम आणि पन्नाशीपुढच्या कैद्याचा व्यायाम यांत मोठे अंतर आहे. पहिला शरीर वाढवण्यासाठी होता, दुसरा शरीर टिकवण्यासाठी. दुसऱ्यात शाबासकी नसते, छाती फुगत नाही, प्रगती मोजता येत नाही. आज कालच्याइतकेच राहिलो, एवढेच त्याचे यश असते. औषधाच्या बाटल्या फेकून देणारा तो दांडगा विद्यार्थी आता ताटातला घास मोजून घेत होता. आजार जाणार नाही, हे मान्य करणे आणि तरीही त्याच्या हाती सर्व कारभार न देणे, हा समतोल साधायला बाटल्या फोडण्यापेक्षा अधिक धैर्य लागते.

या शिस्तीतूनच ‘गीतारहस्य’ जन्माला आले. २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या पाच महिन्यांच्या आत, पेन्सिलीने वह्यांमध्ये त्यांनी या प्रचंड ग्रंथाचा मसुदा लिहून काढला. याच काळात त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. त्यांच्याजवळ जमलेल्या पुस्तकांची संख्या काही शतांत गेली होती. कर्मयोगाचा अर्थ लावणारा हा ग्रंथ ज्या खोलीत लिहिला गेला, तेथे प्रत्यक्ष कर्माला वाव फारच थोडा होता. फळाची खात्री नसताना रोजचे काम करीत राहण्याची तेथील शिस्त ग्रंथातील प्रतिपादनाशी किती जुळते, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

मधुमेह टिळकांच्या घरात एकट्या त्यांनाच नव्हता. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई याही याच विकाराने आजारी होत्या. जून १९१२ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. ही बातमी मंडालेला तारेने पोहोचली. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटच्या भेटीलाही मुभा नाही. वाचन, लिखाण आणि फेऱ्या यांचा क्रम त्यानंतरही त्यांनी मोडू दिला नाही. पण सुटून घरी जाण्यातली ओढ त्या तारेने निश्चितच कमी केली असणार. टिळकांच्या चिकाटीचे गोडवे गाताना सत्यभामाबाईंचे विस्मरण होऊ नये. तोच आजार, तेच घर. पण त्यांच्या आजारपणाकडे इतिहासाचे लक्ष गेले नाही. घराबाहेर पडण्याची, पोहण्याची, तालमीची मुभा त्या काळच्या स्त्रीला कुठे होती?

सुटकेनंतरची धावपळ

जून १९१४ मध्ये, एका मध्यरात्री, टिळकांना पुण्यात त्यांच्या घरासमोर आणून सोडण्यात आले. वय ५८ च्या घरात, शरीर थकलेले, आजार कायम. ‘गीतारहस्या’च्या वह्या सरकारने लगेच परत केल्या नव्हत्या. त्या न मिळाल्या तरी सर्व ग्रंथ पुन्हा लिहून काढण्याची त्यांची तयारी होती. वह्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कोणीही आता निवृत्तीचा विचार केला असता. टिळकांच्या आयुष्यातील सर्वाधिक भ्रमंतीचा काळ मात्र येथून पुढे सुरू होतो. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली. त्या जुलैत त्यांच्या साठाव्या वाढदिवशी लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. ती त्यांनी राष्ट्रकार्याला दिली. डिसेंबरात लखनौ काँग्रेसमध्ये काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातील कराराला त्यांनी बळ दिले. १९१७ आणि १९१८ मध्ये वऱ्हाड-नागपूरसह अनेक भागांत त्यांनी दौरे केले. सभा, मिरवणुका, स्वागत, जागरणे. मधुमेहाच्या रुग्णाने टाळावे असे जे जे, ते सर्व या दौऱ्यांत होते. जेवणाच्या वेळा पाळणे कठीण, झोप अपुरी, पाय दिवसभर जमिनीवर.

सप्टेंबर १९१८ मध्ये ते विलायतेला निघाले. आपल्या पुस्तकातून त्यांची बदनामी करणाऱ्या व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर त्यांनी दावा लावला होता. १९१९ च्या आरंभी त्याचा निकाल विरुद्ध गेला आणि मोठा आर्थिक भार त्यांच्यावर पडला. तरीही वर्षभराहून अधिक काळ ते तेथे राहिले. थंड हवा, परके अन्न, पथ्याची अडचण या सर्वांत त्यांनी मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी संबंध जोडले, सभा घेतल्या, भारताची बाजू मांडली. नोव्हेंबर १९१९ मध्ये परत येताच महिनाभरात ते अमृतसर काँग्रेसला हजर होते. १९२० मध्ये सिंध प्रांताचा दौराही झाला.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी. या धावपळीत प्रकृतीची हेळसांड झाली नाही, असे म्हणता येणार नाही. व्यायाम आणि दमछाक यांत फरक असतो. ठरावीक वेळेचे चालणे शरीराला सावरते. अनियमित जेवण आणि सततचे जागरण त्याला झिजवते. मंडालेत तुरुंगाच्या भिंतींनी लादलेली नियमितता मोकळ्या आयुष्यात टिकणे शक्य नव्हते. टिळकांनी हा सौदा समजून-उमजून केला, असेच त्यांच्या शेवटच्या वर्षांकडे पाहून वाटते. मिळालेले बळ साठवून ठेवण्यासाठी नव्हते, खर्च करण्यासाठी होते.

थोडक्यात हुकलेले औषध

जुलै १९२० मध्ये टिळक कामासाठी मुंबईत आले आणि नेहमीप्रमाणे सरदारगृहात उतरले. हिवतापाने त्यांना आधीच ग्रासले होते. थोडा उतार वाटताच दिवाण चमनलाल यांच्यासमवेत ते मोटारीतून फेरफटका मारायला गेले. पावसाळी हवेत थंडी बाधली, ताप उलटला आणि त्याचे पर्यवसान न्यूमोनियात झाले. मधुमेहाने आतून पोखरलेल्या शरीराची संसर्गाशी झुंजण्याची शक्ती कमी झालेली असते. प्रतिजैविके अजून जन्माला यायची होती. १ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर काही वेळातच त्यांची प्राणज्योत मालवली. भर पावसात लाखोंच्या समुदायाने त्यांना गिरगाव चौपाटीवर अखेरचा निरोप दिला. वय अवघे ६४.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातील टोरंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून साखर उतरवणारे द्रव्य वेगळे काढले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचण्यात आले. इन्सुलिनचे युग सुरू झाले. टिळकांना ते अवघ्या दीड वर्षाने हुकले.

पुढे या रोगाचे प्रकारही स्पष्ट झाले. १९३६ मध्ये हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेहाचे दोन वेगळे गट असल्याचे दाखवले. १९७० च्या दशकात त्यांतील एका गटाचे मूळ उलगडले. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते आणि त्या नष्ट होतात, हा झाला टाइप १ मधुमेह. टिळकांना तो पन्नाशीच्या सुमारास झाला आणि इन्सुलिनशिवाय ते बारा वर्षांहून अधिक काळ जगले, यावरून त्यांचा मधुमेह दुसऱ्या, म्हणजे टाइप २ प्रकारातला असावा, असे मानायला जागा आहे. टाइप १ च्या रुग्णाला इन्सुलिनविना इतकी वर्षे मिळत नसत. म्हणूनच टिळकांचे उदाहरण देऊन कुणाही रुग्णाने इन्सुलिन किंवा औषध सोडण्याचा विचार करणे घातक ठरेल. त्यांनी पथ्य आणि चालणे यांवर भिस्त ठेवली, कारण दुसरे काही उपलब्धच नव्हते.

स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीचे आजार आज अनेक ओळखले जातात. सांध्यांचा संधिवात, थायरॉइडचे काही विकार, ल्युपस, कण्याचा आखडणारा वात. यांतील संधिवाताच्या रुग्णाला एके काळी सक्तीची विश्रांती सांगितली जात असे. आता ही समजूत बदलली आहे. सांधे भरात सुजलेले असताना त्यांना जपणे आणि सूज उतरली की बेताने हालचाल वाढवणे, असा सल्ला दिला जातो. कारण हालचाल थांबली की स्नायू क्षीण होतात आणि सांधे अधिकच आखडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांनाही, झेपत असेल तर, आठवड्यातून किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस आहे. झेपत नसेल त्यांनी जमेल तेवढे करावे. अजिबात न करण्यापेक्षा थोडे करणे बरे, हे त्यातले मर्म आहे. इन्सुलिन घेणाऱ्याने व्यायामाआधी साखर तपासावी, साखर उतरली तर खाण्यासाठी काही गोड जवळ ठेवावे, पायांची बधिरता असेल तर अनवाणी चालू नये आणि रोज तळपाय पाहावेत, ही काळजी मात्र सुश्रुताच्या काळच्या पायपिटीपेक्षा वेगळी आणि आवश्यक आहे.

टिळकांचे शरीर त्यांना जन्मतः मिळाले नव्हते. ते त्यांनी कमावले होते. ते अखेरपर्यंत निरोगी राहिले नाही, पण मंडालेहून परत आले आणि आणखी सहा वर्षे देशभर फिरले. या सहा वर्षांत ‘गीतारहस्य’ लोकांच्या हाती आले, होमरूलची चळवळ उभी राहिली, लखनौचा करार झाला. विशीत परीक्षेवर पाणी सोडून केलेली तालीम आणि पन्नाशीत तुरुंगाच्या अंगणात घातलेल्या फेऱ्या यांचा वाटा त्यात किती, हे मोजायचे साधन नाही. टिळकपथावरून पहाटे टेकडीकडे निघणाऱ्या एखाद्या रुग्णालाही आपल्या आजच्या फेरीचा हिशेब आज लागत नाही. उद्याही ती फेरी घालता यावी, एवढ्यासाठीच तो आज निघालेला असतो.